मग जिकलं कोन?

"आण्णा, आमची टीम जिंकली."

अमेरिकेत, आयोवात शनिवारची रात्र, साडेनऊ. गावाकडे रविवारची सकाळ, आठ. आण्णा धार काढून, डेअरीला दूध घालून पायरीवर बसले असणार, कारण फोनमधून बशीचा आवाज आला आणि मागून आई कोंबडीला हाकलत होती. "कसली टीम?" "कुस्तीची. इथल्या युनिव्हर्सिटीची. देशात पहिली आली, अकरा वर्षांनी." माझे वडील पाऊस, निवडणूक, उसाचा दर यांवर बोलताना बशी तोंडाला लावूनच बोलतात, कुस्तीचा विषय निघाला की बशी खाली ठेवतात. बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. "फायनलला किती कुस्त्या मारल्या?" "एक." "आन म्होरल्यांनी?" मी जरा थांबले. "चार." तिकडे सगळं गप्प. कोंबडीसुद्धा. मग आण्णांनी विचारलं, त्यात खोच नव्हती की थट्टा नव्हती, माणूस पत्ता विचारतो तसं विचारलं, "मग जिकलं कोन?"

मी गुणांचं सांगायला लागले. पहिल्याला सोळा, दुसऱ्याला बारा, तिसऱ्याला दहा, चौथ्याला नऊ. सातव्या नंबरपर्यंत पोचायच्या आत ते "बरं बरं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. आईनं विचारलं थंडी कमी झाली का, मी म्हटलं झाली. ओरडून ओरडून माझा घसा बसला होता, अंगात काळा-पिवळा स्वेटशर्ट होता, आणि दिवसभराचा आनंद कुणीतरी ताट ओढून घ्यावं तसा माझ्या समोरून गेला होता. ही मार्च २०२१ ची गोष्ट. प्रश्न अजून माझ्याजवळच आहे.

कुस्ती आमच्या घरात होती, पण मला ती वासावरून आणि आवाजावरून माहीत. तालमीत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही, मैदानात तर नाहीच. जत्रेला फड भरला की आम्ही पोरी देवळाच्या मागच्या अंगाला पाळण्याच्या रांगेत उभ्या असायचो आणि हलगीवरून ओळखायचो, की आता नुसती खडाखडी, म्हणजे हातांची झटापट चाललीय, आता कुणीतरी पट काढलाय, म्हणजे पाय धरलाय, आता घुमकं वाढलं म्हणजे कुणीतरी खाली गेलाय. मग माणसांचा एकच आवाज उठायचा आणि फेटे वर उडालेले तेवढे पत्र्यावरून दिसायचे. कोण जिंकलं ते परतणाऱ्यांच्या चालीवरून कळे. जिंकलेल्याच्या मागे वीस माणसं आणि हलगी. हरलेला एकटा, शर्ट खांद्यावर टाकलेला, पाठीला माती. ती माती तशीच असायची. पाठ पुसायला स्वतःचा हात पोचत नाही, दुसऱ्या कुणीतरी पुसावी लागते, आणि त्या दिवशी जवळ दुसरं कुणी नसतं.

आण्णांच्या कपड्यांनाही तो वास होता. तेल, ताक, लिंबू, हळद आणि त्यात मुरलेला माणसाचा घाम. मी जन्मायच्या आधी ते तीन वर्षं कोल्हापुरात तालमीत राहिले होते. नंतर गावात आले, लग्न केलं, म्हशी घेतल्या, पण गावच्या तालमीतला पहाटेचा हौदा, म्हणजे मातीचा आखाडा, त्यांनी पन्नाशीपर्यंत सोडला नाही. आई ते पंचे वेगळ्या बादलीत भिजवायची. पाणी विटकरी व्हायचं. त्या पाण्यावरून मला कळायचं आण्णा आज खाली जास्त होते की वर. खरंच कळायचं की मला तसं वाटायचं, हे आता सांगता येणार नाही.

आयोवात आम्ही नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो. पहिला हिवाळा घरात काढला. मक्याच्या कापलेल्या रानावर बर्फ, त्याच्या पलीकडे आणखी रान, आणखी बर्फ. दुसऱ्या हिवाळ्यात किराणा दुकानाच्या रांगेत माझ्या पुढे एक म्हातारा उभा होता, सत्तरीचा, ओव्हरऑलमधला, हातात दुधाचा कॅन. मी त्याच्या कानाकडे बघत राहिले. कान मोडलेले होते. कानाची पाळी आत वळून, घट्ट होऊन, वाळलेल्या अंजिरासारखी झालेली. असे कान मी जगात फक्त एका जातीच्या माणसांचे बघितले होते, आणि त्यातले दोन माझ्या वडिलांच्या डोक्याला होते. मला रडू आलं, दुधाच्या कॅनवर नजर ठेवून. तो वळला, काय झालं विचारलं, आणि मी इंग्रजीत जे काही म्हणाले त्याचा अर्थ होता: तुम्ही पैलवान आहात, माझे वडील पण. तो आमच्याच गल्लीत, चौथ्या घरात राहत होता. पुढच्या शुक्रवारी त्याची बायको दारात आली. हातात जादाचं तिकीट होतं.

आयोवा सिटीचं नाव मराठी वाचणाऱ्यांनी ऐकलं असेल ते लेखकांमुळे; जगभरचे कवी-कथाकार तिथल्या लेखन कार्यक्रमाला येऊन राहतात. गावातल्या शेतकऱ्याला विचारा, तो लेखकांचं नाव काढणार नाही. तो डॅन गेबलचं नाव काढेल. म्युनिकला १९७२ साली समोरच्याला एकही गुण न देता सुवर्ण नेलेला माणूस. नंतर इथला वस्ताद झाला आणि पंधरा राष्ट्रीय विजेतेपदं आणली, त्यातली नऊ ओळीनं. कार्व्हर-हॉकआय अरीनाच्या बाहेर त्याचा पुतळा आहे. पण मला धक्का बसला तो आत शिरताना. बाहेरून इमारत बुटकी दिसते. दारातून आत गेलं की आपण सगळ्यांत वरच्या पायरीवर असतो आणि खाली, जमिनीच्या पोटात, पंधरा हजार माणसांची वाटी. खासबाग! शाळेच्या सहलीत मी खासबाग बघितलं होतं, रिकामं, कारण कुस्त्या असताना आम्हाला कोण नेणार. शाहू महाराजांनी रोमचं बघून बांधलेलं ते मैदानही असंच, वरून उतरत जाणारं, कुठेही बसा, आखाडा दिसतो. तिथे मधोमध लाल माती होती आणि कडेला एक कुत्रं झोपलं होतं. इथे मधोमध काळी मॅट होती, तिच्यावर एकच दिवा, आणि माझ्या शेजारी विणकाम करणारी एक आजी होती, जी मध्येच सुया मांडीवर ठेवून पंचाला "स्टॉलिंग!" असं ओरडत होती. पळतोय, लढत नाही, असा त्याचा अर्थ. खडाखडी किती वेळ चालवून घ्यायची याबद्दल आमच्या गावचे म्हातारे आणि ती आजी यांचं एकमत व्हायला हरकत नव्हती.

पोरगी असून मी पहिल्यांदा कुस्ती बघितली, ती अशी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, अर्ध्या पृथ्वीपलीकडे.

डाव ओळखीचे निघाले. एकेरी पट, दुहेरी पट, मागून कब्जा, मग सवारी भरून दाबून ठेवणं. कॉलेजची कुस्ती ऑलिंपिकपेक्षा वेगळी असते आणि आपल्या मातीला जरा जवळची. खालच्याला नुसतं दाबून ठेवल्याचंही मोल असतं. घड्याळ लावतात, आणि एकूण एक मिनिट जास्त कब्जा राखला तर एक गुण. हे मी आण्णांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "सवारीचं गुण देत्यात? शानी मान्सं हायती." पट काढून खाली पाडलं की तेव्हा दोन गुण होते (आता तीन केलेत, म्हाताऱ्यांना ते आवडलेलं नाही), आणि गुण पंचानं द्यायच्या आत पंधरा हजार लोक दोन बोटं वर करून "टू!" ओरडत. ते "टू" मला हलगीसारखं लागलं. डोळे मिटले तरी कळायचं काय चाललंय.

पण आजोबांनी, म्हणजे त्या मोडलेल्या कानांच्या शेजाऱ्यानं, मला शिकवलं ते दुसरंच. मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धा असते. दहा वजनगट, प्रत्येकात तेहतीस पोरं, तीन दिवस. आजोबा प्रत्येक गटाचा तक्ता छापून फ्रिजवर चिकटवत. वरच्या अर्ध्यात जिंकत जाणाऱ्यांच्या रेषा. खालच्या अर्ध्यात हरलेल्यांच्या. कारण इथे एकदा हरलं की घरी जायचं नसतं. खाली उतरायचं, हरलेल्यांशी लढायचं, तिथे जिंकत जिंकत तिसऱ्या नंबरापर्यंत येता येतं. तिथे पहिल्या आठात यायच्या आधी दुसऱ्यांदा हरलात की संपलं. खाली जिंकलेल्या प्रत्येक कुस्तीला अर्धा गुण, वर जिंकलेल्या कुस्तीला एक, चीत केलं तर त्याशिवाय आणखी दोन, आणि शेवटी आठव्या नंबरापर्यंत सगळ्यांना काही ना काही. हे सगळे गुण टीमच्या खात्यात. खालच्या तक्त्यात एक अशी फेरी येते, की जिंकला तो पहिल्या आठात, जन्मभर 'ऑल-अमेरिकन'; हरला तो कुणीच नाही. तिला 'ब्लड राउंड' म्हणतात. आजोबा पेन्सिलनं नावं भरायला सुरुवात करत ती खालच्या अर्ध्यापासून. "वरचं टीव्हीवाले दाखवतात," ते म्हणायचे. आणि त्यांच्या हॉलमध्ये, लग्नाच्या फोटोशेजारी, एक काळं-पांढरं चित्र होतं, हायस्कूलच्या राज्य स्पर्धेतलं. कोणीही घरी आलं की ते बोट दाखवून सांगत, "स्टेटला चौथा."

चौथा!

आमच्याकडे चौथा आलो असं सांगणारा माणूस मला आठवत नाही. हरलो असं सांगतात, ते सुद्धा दुसऱ्याबद्दल. नारळावरच्या कुस्त्यांत पहिली-दुसरीतली पोरं लढतात, त्यातही एकाला नारळ आणि एकाला पाठीची माती. बरोबरीत सोडवली तर दोघांचे घरचे चिडतात. निकाली पाहिजे. आस्मान दिसलं पाहिजे. याच्यात एक स्वच्छपणा आहे, मला तो आवडतोही. एक महाराष्ट्र केसरी, एक गदा, त्या एका गदेसाठी अख्खं राज्य तोंडात बोट घालून बसतं. उपमहाराष्ट्र केसरी कोण झाला ते मात्र पुढच्या वर्षी गावातल्या पाराला विचारावं लागतं, आणि तिथे त्यावर भांडण होतं.

२०२० चा संघ या सगळ्याच्या वर होता. आयोवाला विजेतेपद मिळून दहा वर्षं झाली होती, मधली बहुतेक वर्षं पेन स्टेट या दुसऱ्या युनिव्हर्सिटीनं खाल्ली होती, आणि त्या हिवाळ्यात इथली पोरं समोर येईल त्याला झोपवत होती. मार्चमध्ये मिनियापोलिसच्या फुटबॉलच्या स्टेडियममध्ये राष्ट्रीय स्पर्धा व्हायची होती. आजोबांनी हॉटेल आरक्षित केलं होतं, त्यांच्या बायकोनं, म्हणजे आजीनं, पिवळी लोकर आणली होती. १२ मार्चला स्पर्धा रद्द झाली. कोविड. त्या दिवशी संध्याकाळी आजोबा फ्रिज पुसताना खिडकीतून दिसले. फ्रिज स्वच्छच होता. ते पुसत राहिले.

म्हणून २०२१ चा हंगाम विचित्र होता. जानेवारीत सुरू झाला, लढती बोटांवर मोजण्याइतक्या, आणि कार्व्हर रिकामं. आम्ही टीव्हीवर बघायचो: तीच वाटी, तोच एक दिवा, पण "टू" नाही. मॅटवर अंग आपटल्याचा धप्प आवाज स्पष्ट ऐकू यायचा, प्रशिक्षक टॉम ब्रँड्सचं ओरडणं ऐकू यायचं, पोरांचा श्वास ऐकू यायचा. मला लहानपणचं उलटं झाल्यासारखं वाटलं. तेव्हा दिसायचं नाही, ऐकू यायचं. आता दिसत होतं, पण जे ऐकायचं ते गेलं होतं.

स्पर्धा सेंट लुईसला झाली, १८ ते २० मार्च. आजोबा-आजीची लस झाली होती, माझी नव्हती. म्हणून आजोबांनी टीव्ही गॅरेजमध्ये आणला. दार अर्धं वर, मध्ये हीटर, एका टोकाला ते दोघं, दुसऱ्या टोकाला मी, तोंडाला मास्क, मांडीवर गोधडी. डिझेलचा, ओल्या पुठ्ठ्याचा आणि आजीच्या दालचिनीच्या पावाचा वास. तक्ते ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या कपाटावर चिकटवलेले. शनिवारी सकाळी मी नऊलाच गेले, कारण आजोबांनी बजावलं होतं, कुस्ती सकाळची बघायची, रात्रीचा नुसता समारंभ. सकाळी खालच्या तक्त्यातल्या शेवटच्या कुस्त्या असतात. ऑस्टिन डीसँटो, १३३ पौंडांचा, आणि टोनी कॅसिओपी, सगळ्यांत वरच्या गटातला धिप्पाड. दोघंही शुक्रवारी हरलेले. विजेतेपदाचं स्वप्न गेलेलं. एक रात्र झोपायची, झोप आलीच तर, सकाळी उठून पुन्हा वजन द्यायचं, आणि ज्या कुस्तीसाठी लहानपणापासून कुणी स्वप्न बघत नाही ती कुस्ती खेळायची. दोघंही तिसरे आले. आजोबांनी पेन्सिलनं रेषा ओढली, शेजारी आकडा लिहिला, बेरीज केली, पुन्हा केली. मग पेन्सिल कानामागे ठेवली. त्या मोडलेल्या कानामागे पेन्सिल टिकत नाही, ती पडली. "झालं," ते म्हणाले. रात्रीच्या फायनल सुरू व्हायच्या आधीच गणित मिटलं होतं. पेन स्टेटनं सगळं जिंकलं तरी गाठू शकत नव्हतं.

आणि रात्री पेन स्टेटनं सगळं जिंकलं.

त्यांचे चार जण फायनलला होते, चारही जिंकले. आमचे तीन. त्यातले दोघं पेन स्टेटच्याच पोरांशी. जेडिन आयरमन निक लीशी, आणि मायकेल केमेरर कार्टर स्टारॉचीशी. दोनच आठवड्यांपूर्वी बिग टेनच्या, म्हणजे या दोन्ही युनिव्हर्सिट्या ज्या गटात खेळतात त्या गटाच्या, फायनलला आमच्या दोघांनी याच दोघांना हरवलं होतं. दोन्ही कुस्त्या बरोबरीत सुटून जादा वेळेत गेल्या, दोन्ही एका पटावर गेल्या. केमेरर कॉलेजात सहावं वर्ष काढत होता, दुखापतींनी मधली वर्षं खाल्लेली. टीव्हीनं त्याचा चेहरा जवळून दाखवला आणि मी गोधडीत तोंड घातलं. टीम विजेती होती. ते त्यालाही माहीत होतं. त्या चेहऱ्यावर त्यातलं काहीच नव्हतं.

मग एकटा स्पेन्सर ली. १२५ पौंड, सात-शून्य, तिसरं विजेतेपद. कुस्तीनंतर मुलाखतीत त्यानं सांगितलं, की त्याच्या दोन्ही गुडघ्यांत आता एसीएल, म्हणजे गुडघा आतून धरून ठेवणारं बंधन, उरलेलं नाही. एक आधीच गेलेलं, दुसरं फाटून दोन आठवडेही झाले नव्हते. गुडघा आतून सुटा असलेला पोरगा तीन दिवस लोकांना उचलून टाकत होता. आजी एकदम "अरे देवा" या अर्थाचं काहीतरी म्हणाली आणि विणकाम खाली ठेवलं. शेवटचा आकडा: आयोवा १२९, पेन स्टेट ११३.५. त्या साडेतेराच्या अर्ध्यावर मी हसले. कुठल्यातरी पोरानं खालच्या तक्त्यात मिळवलेला अर्धा गुण असणार तो.

घरी आले आणि फोन लावला. पुढचं सांगितलंच आहे.

खरं सांगायचं तर आण्णांचा प्रश्न मला लागला तो मला तोच प्रश्न गॅरेजमध्ये पडला होता म्हणून. चषक उचलताना बघून मी टाळ्या वाजवल्या, पण हात जड होते. चार पोरं समोरच्या बाकावर विजेती बसलीत आणि चषक आपल्याकडे. हे सोसायटीच्या निवडणुकीसारखं नाही का, की मतं त्याला जास्त आणि खुर्ची याला? दुसऱ्या दिवशी आजोबांना विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारला. ते म्हणाले, "पण आमच्याकडे दहा पोरं होती." एवढंच. मला ते उत्तर वाटलं नाही. अजूनही पूर्ण वाटत नाही.

मी मनात आण्णांशी वाद घालत राहिले. वादात माझ्याकडे एक हुकमी पान होतं: खाशाबा. गोळेश्वर आमच्या गावापासून सायकलच्या अंतरावर. आण्णांना खाशाबा जाधवांची गोष्ट विठ्ठलासारखी पाठ. राजाराम कॉलेजचा विद्यार्थी, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून दिलेले सात हजार, हेलसिंकी, बैलगाड्यांची मिरवणूक. कॉलेजचा पैलवान तोही, म्हटलं तर. पण पदक कितवं? तिसरं. आणि नीट वाचत गेल्यावर कळलं, की खाशाबांनी शेवटच्या दोन्ही कुस्त्या हरल्या होत्या, जपानच्या इशीशी आणि सोव्हिएत मामेदबेकोवशी. आण्णांच्या गोष्टीत एवढंच असायचं, की दमलेल्या माणसाला विश्रांती न देता पुन्हा मॅटवर बोलावलं, घात झाला. 'हरला' हा शब्द त्या गोष्टीत मी कधी ऐकला नव्हता. आणखी एक सापडलं. खाशाबांचा गट ५७ किलोचा. लीचे १२५ पौंड म्हणजे जवळजवळ तेवढेच. हे मी आण्णांना सांगितलं, पान खेळायचं म्हणून नाही, असंच. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गुडघा न्हाई म्हंतीस त्या पोराला? खोबरेल तेलात कापूर घालून चोळायला सांग."

हुकमी पान मी तरी खेळले नाही. कारण त्याच सुमारास आईनं बोलता बोलता सांगितलं, की कोल्हापुरातल्या त्या तीन वर्षांत आण्णा कुणासाठी होते. तालमीत एक मोठा पैलवान होता, नाव असलेला. आण्णा त्याच्या लढतीला असायचे. म्हणजे रोज पहाटे हौदा उकरायचा, माती सारखी करायची, आणि मग त्यानं जे डाव बसवायचे ते यांच्यावर बसवायचे. ढाक यांच्यावर, कलाजंग यांच्यावर, घिस्सा यांच्यावर. दिवसाला पन्नास वेळा पाठीवर. संध्याकाळी त्याच्या अंगाला तेल, त्याची थंडाई वाटायची. तो पैलवान मैदानं मारायचा, हत्तीवरून मिरवायचा. आण्णा मागच्या ट्रकमध्ये बसून यायचे, चटणी-भाकरीचा डबा सांभाळत. "लई नाव हुतं त्येचं," आई म्हणाली, "आन ह्येंची पाठ अजून दुखती." म्हणजे विटकरी पाणी मी बरोबर वाचत होते. ज्यांनी मला विचारलं, मग जिकलं कोन, त्यांनी तीन वर्षं दुसऱ्याच्या गदेखाली पाठ दिली होती, आणि त्या गदेत त्यांचा अर्धा गुणसुद्धा कुठे लिहिलेला नव्हता. त्यांना ते विचारावं असं मला वाटलं, आणि विचारू नये असंही. विचारलं नाही.

पुढची वर्षं पेन स्टेटनं पुन्हा खाल्ली. २०२३ साली टल्सात लीचं चौथं विजेतेपद ठरल्यासारखं होतं. सेमीफायनलला शेवटच्या क्षणांत तो चीत झाला, आणि खालच्या तक्त्यातून त्यानं माघार घेतली. दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला कोण काय बोलणार. आजोबा काही बोलले नाहीत. खालच्या अर्ध्यातली त्याच्या नावाची जागा त्यांनी पेन्सिलनं भरली नाही, एवढंच. त्याच वर्षी हिवाळ्यात युनिव्हर्सिटीनं मुलींचा संघ उतरवला. मी गेले. खाली मॅटवर मुली, वरच्या पायऱ्यांवर त्यांच्या आज्या, आणि एक चारेक वर्षांची पोर, वेण्या घातलेली, बापाच्या खांद्यावरून दोन बोटं वर करून "टू!" म्हणत होती. पंचानं दिलेले नसताना. मी आण्णांना व्हिडिओ पाठवला. दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी आईनं सांगितलं, ते तो पारावर सगळ्यांना दाखवत फिरतात.

मग पॅरिस, ऑगस्ट २०२४. गावात आधीच दिवाळी होती. आठ दिवसांपूर्वी आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ आणलं होतं, खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या माणसाचं वैयक्तिक पदक. कुस्तीत ५७ किलोला अमन सेहरावत होता. सेमीफायनलला जपानच्या हिगुचीनं त्याला दहा-शून्य झोपवलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उभा राहिला आणि ब्राँझ जिंकला. आणि फायनलला त्याच हिगुचीसमोर कोण? स्पेन्सर ली. तोही हरला. आमच्याकडे दुपार होती. आजोबांकडे जाऊन बघितलं, गॅरेजमध्ये नाही, आत, सोफ्यावर. पदकं देताना हिगुचीच्या एका बाजूला आयोवाचा पोरगा, दुसऱ्या बाजूला आपला. मी आजोबांना म्हटलं, तो माझा. ते म्हणाले, कानावरून कळतंय.

रात्री मी फोन लावायच्या आत आण्णांचाच आला. तिकडे सकाळ. रात्री बारापर्यंत जागे होते, आवाज घोगरा. बशीचा आवाज नव्हता.

"तुझा त्यो गुडघ्याचा पोरगा बगिटला. दुसरा आला."

"हो."

"त्या तुझ्या हिशेबात दुसऱ्याला किती?"

"बारा."

"आन तिसऱ्याला?"

"दहा."

"म्हंजी दोनाचाच फरक," आण्णा म्हणाले, आणि तेवढ्यात दुधाची गाडी आली असावी, कारण त्यांनी फोन तसाच पायरीवर ठेवला. कॅनचं झाकण वाजलं. कोंबडी कलकलली. लांबून आईचा आवाज आला, "कोन जिकलं म्हनं?"

"कोन न्हाई," आण्णा तिला सांगत होते. "दोगंबी हरल्यात. पदकं घिऊन हुभी हायती."